पासंग

दिवसा मी काटे तपासते.
डुलुथची किराणा दुकानं, मासे विकणारे,
बंदरावरचे अख्खा ट्रक तोलणारे लोखंडी काटे.
पितळी वजनांची पेटी गाडीत मागे,
मखमलीत निजवलेली.
कुणी काटा मारत असेल तर मला उभ्या उभ्या कळतं.
आणि गुरुवारी रात्री, चर्चच्या तळघरात, बॉयलरशेजारी,
मी एक जग चालवते
ज्याचा काटा सहा वर्षांत सरळ झालेला नाही.

सुरुवातीला ठीक होतं.
आर्वोचा योद्धा दारात उभा राहायचा,
अंगभर लोखंड, हातात कुऱ्हाड,
आणि टीगचा जादूगार त्याच्या पाठीशी,
मांजरानं ओरबाडलं तरी मरेल असा.
दिवसाकाठी एकच मंत्र,
तोही ओल्या पेटीतल्या शेवटच्या काडीसारखा जपलेला.
"माझ्यामागे राहा, पोरा," आर्वो म्हणायचा,
आणि टीग राहायचा.

मग पातळ्या चढल्या.
कुऱ्हाड जरा जोरात लागू लागली. एवढंच.
टीग मात्र उडू लागला,
भिंतीतून जाऊ लागला, मेलेल्यांची साक्ष काढू लागला.
कुलपं त्याच्या नुसत्या फुंकरीनं उघडायची,
(आमची चोर, लवर्न, तेव्हापासून विणकाम घेऊन येते).
एका रात्री त्यानं नदीच उचलून बाजूला ठेवली,
सकाळी वळकटी ठेवावी तशी.
आर्वोकडे दोर होता.
तिसऱ्या खेळापासून कागदावर लिहिलेला: पन्नास फूट.
त्यानं तो कागदावरच पुन्हा गुंडाळला.
"माझी पाळी? मी मारतो."
फासे.
"लागलं."

मी पासंग लावून पाहिले.
कुऱ्हाडीला आग दिली.
मंत्रामागे थेंबभर रक्त मागितलं, टीग रुसला.
मंत्र चालत नाही अशी खोली बांधली:
टीग तासभर मोबाइल चाळत बसला,
आणि आर्वोला जिंकणं गोड लागलं नाही.
"तू त्याचे हात बांधलेस, मार्लिस," तो म्हणाला,
"माझे कुठे लांब केलेस?"

तीस वर्षं गोदीवर खनिजाची जहाजं भरली त्यानं.
आता ते काम एक मुलगी काचेमागून करते,
बोटाच्या टोकानं.
तो तिच्यावर चिडत नाही. गुणी आहे म्हणतो.

नियमपुस्तकाचा समास माझ्या आकड्यांनी काळा झाला.
माझ्याच धंद्यातली गोष्ट मी विसरले होते:
रिकामी पारडीसुद्धा समान दिसतात.

फेब्रुवारी. बाहेर सरोवर गोठलेलं,
टेबलावरही बर्फच: खिंडीतला किल्ला, बंद दरवाजा.
टीगनं आपल्या पदव्या सांगितल्या, सगळ्या.
आतून काही आलं नाही.
तो बाह्या सरसावत होता, तेवढ्यात आर्वो बोलला,
आर्वोसारखाच, योद्ध्याचा आवाज न काढता:
"इथं फार गारठा आहे हो."
मी माझी जुनी वही उलटली.
चार वर्षांमागचं पान. टीग त्या दिवशी तापानं घरी होता.
आर्वोनं एका म्हातारीला पाठीवर घेऊन
दोन दिवसांची वाट तुडवली होती, घोडा नव्हता म्हणून.
बक्षीस शून्य. तसं मीच लिहिलं होतं.
"आवाज ओळखीचा वाटतो," द्वारपाल म्हणाला,
"माझ्या आईला आणणारा तूच ना?"
आणि अडसर सरकला.
दार टीगनंही उघडलं असतं.
आत या, बसा, सूप घ्या, असं कुणी म्हटलं नसतं.

काटा सरळ झाला असा शिक्का मी मारणार नाही.
पुढच्याच गुरुवारी टीगनं एक डोंगर वितळवला,
आणि आर्वोचे फासे रात्रभर उलटे पडत राहिले.
पण दरीशी आल्यावर,
पंख फुटलेले असताना, टीग थांबला.
"आर्वो, तुझा तो दोर आहे ना?"
"उडून जा की," आर्वो म्हणाला.
आणि चष्मा लावून
कागदावर दोर शोधू लागला.