सरासरी

सहावी रात्र. कारेलीबागेतला दुसरा मजला.
बूट बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले,
काचेच्या दोन पेट्यांच्या मधल्या स्टुलावर मी,
वीज कंपनीचा मीटर रीडर,
दांडिया बाजार ते वाडी, रोज दीडशे घरं.

आकडे वाचण्यावरच माझं पोट.
जिन्याखालचे, कोळिष्टकांतले,
कुत्रं भुंकत असताना उंबऱ्याबाहेरून वाचलेले.
इथले मात्र सरकतात
वाचून संपायच्या आत.

पहिलीच्या कपाळावर पट्टी, दुसरीच्याही.
पट्टीतून तांबूस उजेड आत जातो,
कवटी इतकी कोवळी की तो अडत नाही,
मेंदूत प्राणवायू किती ते विचारून परत येतो.
असं डॉक्टर कापडिया म्हणाले. मी मान हलवली.

पहिली एकाहत्तर. दुसरी अठ्ठावन्न.
पंचावन्नच्या खाली गेलं की यंत्र ओरडतं.
फार वरही नको म्हणाले, डोळ्यांना बाधतं.

मुदतीच्या अकरा आठवडे आधी आल्या.
पोटात दोघींना मिळून एकच वार होती.
एका मीटरवर दोन बिऱ्हाडं,
अशा घरांची भांडणं मी पुष्कळ पाहिलीत.
यांचं भांडणही झालं नाही.
एक मुकाट देत राहिली.
तीच ही. नऊशे चाळीस ग्रॅम.

घर बंद असलं की आम्ही सरासरी टाकतो.
रात्री पावणेतीनला मी मनातल्या मनात तेच केलं,
एकाहत्तर अधिक अठ्ठावन्न, भागिले दोन.
साडेचौसष्ट.
साडेचौसष्ट चालेल हो डॉक्टर दोघींना,
पहिलीकडचं थोडं
आणि तेवढ्यात पहिलीने पाय झाडला,
माझ्या अंगठ्याएवढा पाय.
मी खाली फरशीकडे बघत बसलो.

आई फोनवर म्हणाली होती,
सहावीला उशाशी कोरा कागद ठेव रे,
सटवी येते लिहायला.
कागद आत नेऊ देत नाहीत.
आणि कपाळावर जागा तरी कुठे आहे?
तासातासाला जागृतीबेन निळ्या पेनाने
दोन तक्त्यांवर लिहितात, जांभई दाबत.

चौपन्न.
यंत्र ओरडलं. मी उठलो, स्टूल पडलं.
जागृतीबेननी आकड्याकडे पाहिलंच नाही.
पेटीच्या झरोक्यातून हात घातला, मान अलगद सरळ केली,
पट्टीचा सुटलेला कोपरा दाबून धरला, थांबल्या.
"आंकडा सामे नहीं, भाई. छोकरी सामे जुओ."

पाहिलं.
भुवया अजून उमटलेल्या नाहीत.
जिथे उमटतील तिथे दोन आठ्या आहेत,
हर्षदा वाण्याचा हिशेब तपासताना घालते तशा.
सहा दिवस मी इथेच बसलोय.

पंचावन्न. सत्तावन्न.
खालच्या वॉर्डातून हर्षदाने दूध काढून पाठवलंय,
दीड मिलीलिटर, एकाच सिरिंजमध्ये,
वर चिठ्ठी नाही.
पहिलं कोणाला, जागृतीबेन विचारतात.