पहिला मासा

अरुतांगाच्या धक्क्यावर बाबांनी मला ओळखलं चालीवरून,
सोळा वर्षांनी.
माझ्या मुलीला, नाकावरून.

भाला तोच. रबर नवं,
काठीवर माझं नाव
अर्धंच कोरलेलं.

बुडी मारली तर दम ऑकलंडलाच राहिलेला,
गोदामातल्या खोक्यांमागे कुठेतरी.
खोकत वर आलो.
बाबा होडीतून मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

मग टेरेमोआना उतरली. नऊ वर्षांची.
प्रवाळाच्या फटीशी इतकी निश्चल
की पोपटमासा तिच्यापाशीच चरू लागला,
दगड कुरतडल्याचा कुर्र कुर्र आवाज
वर तरंगत मीही ऐकला.

तिने तो वर धरला, हिरवानिळा, तडफडता,
तेव्हा बाबा हसले. म्हणाले,
पहिला मासा आपला नसतो.

ती रडली. निदान उद्यापर्यंत ठेवू, म्हणाली.
शेवटी केळीच्या पानात गुंडाळून
शेजारच्या म्हाताऱ्या तुआइनेला देऊन आली,
नीट बोललीसुद्धा नाही.

रात्री आमच्या ताटात डब्यातलं बीफ
आणि वाऱ्यावर शेजारून मासा भाजल्याचा वास.
माझा पहिला कुणाकडे गेला होता,
मला काही केल्या आठवेना.

बाबांनी चावता चावताच
हनुवटीने तेच दार दाखवलं.