खाली कोण

दोन पोलादी पट्ट्या, डावी माझी, उजवी त्याची,
पडताना एकमेकींवर पडतील अशा तिरक्या रोवलेल्या.
जी आधी पडते ती खाली राहते.
ज्याची खाली, तो जिंकला.
हा खेळ समजावताना मी दर वेळी इथंच अडखळते:
आमच्यात खाली असणं म्हणजे वरचढ ठरणं.

सिलायच्या बाहेर उसाचे फड जाळताहेत.
राख तरंगत रेंजवर येते,
टोपीवर बसते, बाहीवर बसते.
एक कण पिस्तुलाच्या माशीवर.
मी फुंकर मारते.

शेजारी, चार हातांवर, नोंग तिबुर्सियो.
वय अडुसष्ट. हाताला कंप,
कॉफीचा कप बशीवर वाजतो त्याच्याकडून.
पिस्तूल धरलं की तो कंप कुठं जातो
हे त्याच्या बायकोलाही कळलेलं नाही.
माझा चाप त्यानंच घासून दिलाय,
गॅरेजात, गुडघ्यावर फडकं पसरून.
माझं पिस्तूल नेमकं कुठं सुटतं
ते माझ्याआधी त्याला ठाऊक.
अशा माणसासमोर उभं राहणं
म्हणजे शिंप्यापासून अंग चोरणं.

मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
पांढऱ्या, पिवळ्या, अर्ध्या तोडलेल्या,
सकाळी एक, रात्री एक.
रविवारी आठ. मग मॅगझिन बदल, परत आठ.
या गोळ्यांना जेवणाआधी, जेवणानंतर
असं काही नसतं.

पहिली फेरी त्याची. माझं मॅगझिन
घामेजल्या बोटांतून मातीत.
दुसरी माझी. कशी, ते विचारू नका.
मला फक्त बोयेत आठवतो,
पुंगळ्या वेचायला धावलेला
आणि त्याच्या आईनं कॉलर धरून मागं ओढलेला.

आता तिसरी.
"तयार?"
कुणी बोलत नाही. न बोलणं हाच होकार.
"स्टँडबाय."

या शब्दाच्या नंतर आणि टायमरच्या आधी
एक जागा आहे.
घड्याळात दोन सेकंद, फार तर तीन.
तिथं दुकानाचं भाडं मावतं, आईचं इन्सुलिन,
पलीकडे कोळशावर भाजणारी कोंबडी,
आणि कानांवरच्या झाकणांच्या आत माझाच श्वास,
बंद खोलीत कुणीतरी कपड्यांच्या घड्या घालतंय तसा.
नजरेच्या कडेला तो.
बघायचं नाही. बघितलं की संपलं.
पण न बघताही कळतं,
त्याचा खांदा दोराभर खाली आलाय.

टिर्र.

हात आधी गेला, मी मागून पोचले.
ठण्ण.
ठण्ण.
हुकली.
ठण्ण, त्याची की माझी?
मॅगझिन खाली, नवं वर, खटका,
माशी
फक्त माशी,
पट्टी धूसर, फड धूसर, नोंग तिबुर्सियो नाहीच,
चाप

दोन्ही पट्ट्या एकाच आवाजात पडल्या.

पिस्तुलं रिकामी करून दाखवली.
छाती आत्ता धडधडायला लागली,
मघाशी तिला वेळच नव्हता.
पंच डोमिनादोर निघाला, पंधरा पावलं,
गुडघेदुखीमुळे एकेक मोजून.
वाकला.
चुलीवरच्या भांड्यात डोकवावं तसा.
मग उजवा हात वर केला.

त्याची खाली.
माझी वर, दिमाखात,
सगळ्यांना दिसेल अशी.

नोंगनं चष्मा काढून राख पुसली.
कप घेतला, बशी वाजायला लागली.
म्हणाला, "इंदाय, चाप अजून जड आहे तुझा.
सोमवारी घेऊन ये. अर्धा केस काढू."

ट्रायसिकलमध्ये, परतताना,
माझं बोट हवेत दाबत राहिलं.
जड आहे. आहेच जड.
पण ऑगस्टमध्ये त्यानंच घासला होता ना?
मग हा अर्धा केस
राहिला होता, की ठेवला होता?

सोमवारी जाईन.
फडक्याशेजारी स्टूल ओढून बसेन,
आणि त्याचा दगड कुठं थांबतो
ते बघत राहीन.