आठ रंगांचा वस्ताद

शहापुरात, खडेबाजाराच्या वरच्या अंगाला
इराण्णाच्या दुकानात मी बोर्ड करते.
एलईडीचे. बस, लॉज, बारसं, कुस्त्यांची मैदानं.
स्वस्तातला बोर्ड आठच रंग जाणतो,
त्यातला एक काळा, म्हणजे विझलेला दिवा.
उरले सात.

परवा नागोजी बिर्जे आला कडोलीहून,
मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो घेऊन.
वर्ष झालं, यंदाचं मैदान त्यांच्या नावानं.
'फेटा नीट आला पाहिजे बघ,' म्हणाला,
'आणि तोंड. तोंड त्यांचंच वाटू दे.'

नुसत्या गालावर
उन्हाच्या, हौद्यातल्या तांबड्या मातीच्या,
पान तोंडात धरून थांबवलेल्या हसण्याच्या
तपकिरीच्या चारशे पायऱ्या.
माझ्याकडे तपकिरी नाही.

आधी सरळ हिशेब केला:
ज्याला जो रंग जवळ, त्यानं तिकडे जावं.
तोंड झालं लालभडक.
नागोजी म्हणाला, 'आमचे आप्पा
जन्मात कुणावर चिडले नाहीत.'

फेट्याचं वेगळंच.
तो ना लाल ना पिवळा, अगदी मधोमध,
आणि यंत्राला मधोमध बसता येत नाही.
उन्हातला निम्मा पिवळ्याकडे गेला,
सावलीतला लालाकडे,
मध्ये एक रेघ. सरळ, कापल्यासारखी.
आम्ही तिघं त्या रेघेकडे बघत राहिलो,
कुणीच काही बोललं नाही.
आमच्या गावात रंगांची नावं
आजूबाजूला बघून घ्यावी लागतात.

मग दुसरी रीत.
प्रत्येक ठिपक्याला जवळचा रंग द्यायचा
आणि जे खोटं उरलं ते टाकायचं नाही,
शेजाऱ्यांत वाटायचं:
उजवीकडे सात आणे,
खाली डावीकडे तीन, नीट खाली पाच,
उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याला एक.
सोळा आणे हिशेब.
याची चूक त्याच्या पदरात,
त्याची पुढच्याच्या, अशी
फेट्यातून कानाकडे, मिशीतून हनुवटीकडे.

बाबा मागावर हेच करायचे काय की.
उभा धागा हळदी, आडवा कुंकवाचा,
आणि गिऱ्हाईक विचारायचं,
हा मधला रंग कुठून आणलात?
ते सांगायचे नाहीत.
मला वाटायचं, गुपित असेल.

संध्याकाळी बोर्ड दुकानाच्या दारात लावला.
नागोजीनं आईला आणलं होतं.
ती अगदी जवळ गेली, नाक टेकेल इतकी,
बोट लावलं. लाल, पिवळा, लाल, हिरवा, काळा.
'हे काय गे, रंगीत हलवा सांडल्यागत?
कोण हे?'

'दूर निंतु नोडरी!' इराण्णा आतून ओरडला,
हातात तापलेलं सोल्डरिंग.
मराठीत कुणी सांगितलं नाही, गरजही पडली नाही.
ती मागे सरकली. एक पायरी. गटारावरची फरशी.
रस्ता. एक टेम्पो हॉर्न देत थांबला.
पलीकडे बेकरीच्या दारात पोचून
तिनं मान वर केली
आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

नागोजीनं विचारलं, 'बिल किती?'
मी म्हटलं, थांब जरा.