पात्याएवढी फट

वाघबिळाच्या वळणावर तिनं पाठीत बोट टोचलं :
"वाजतंय काहीतरी."
तीन आठवड्यांत ती माझ्याशी बोललेले
हे दोनच शब्द.
मी म्हटलं, वारं असेल.

वारं नव्हतं.
गाडी एक्क्याण्णवची, सीडी हंड्रेड,
टाकीवर वडिलांच्या जुडग्यानं घासून काढलेली चंद्रकोर.
थंड असताना नुसती कुरकुर,
तापली की डाव्या घोट्याजवळ
पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तसं
खर्रर्र टक, खर्रर्र टक.

राजारामपुरीतल्या पोरानं दोन्ही टॅपेट आवळून दिले.
"आता बघा काका, शिलाई मशीन."
आवाज निम्म्यानं गेला खरा.
पण दुसऱ्या सकाळी पंधरा किका,
आणि चिंचोके होते तिथंच.
मी ऑइल बदललं. सायलेन्सरचे नट पाहिले.
चेनकव्हरला कापडाची घडी लावली.
एका रात्री, कुणी बघत नाही असं बघून,
अंगणात उकिडवा बसून इंजिनला कान लावला
आणि कानाची पाळी भाजून घेतली.
सकाळी चहाच्या कपाशेजारी
मलमाची ट्यूब होती. उघडी.

दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज उद्यमनगरात,
दोन लेथशॉपच्या मधल्या बोळात,
जिथं पायाखाली कायम लोखंडाचा कीस.
मिस्त्री बहिरे.
फौंड्रीत एकदा ओल्या साच्यात रस ओतला गेला,
त्या धडाक्यात दोन्ही पडदे फाटले.
मी ओरडून ओरडून आवाजाचं वर्णन करू लागलो.
त्यांनी हात वर केला.
"चालू कर."

हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.
मूठ सदऱ्याला पुसली,
टोक इंजिनला टेकवलं,
मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
क्लचच्या पोटाशी : मान हलली, नाही.
बॅरलवर : नाही, पिस्टन नव्हे.
हेडवर टेकवताच कपाळाला आठी,
मूठ काढून म्हणाले, "हे कुणी आवळलं रं?"
मग डावीकडं, खाली,
आणि त्यांचा ओठ थरथरला.

बोटानं मला बोलावलं. मूठ पुढं केली.
ओली होती. मी जरा थांबलो.
मग चावली.
बोळ गेला, लेथ गेले,
कवटीच्या आत फक्त एक साखळी
कशावर तरी आपटत पळत होती.
इतके दिवस मी बाहेरून ऐकत होतो.

उघडल्यावर निघाला टायमिंग चेनचा रोलर,
रबर सुपारीसारखं कडक,
मधोमध साखळीनं पाडलेली खाच.
पोरगा शाहूपुरीतून नवा घेऊन आला,
येताना भडंगाची पुडीही.

मग टॅपेट.
चाक फिरवून खूण खुणेला आणली,
गेजचं सगळ्यात पातळ पातं फटीत सारलं.
"लोण्यातनं सुरी निघाल्यागत न्हाई
आन् चिखलातनं पाय निघाल्यागत बी न्हाई.
अडत अडत निघालं पायजे. वढून बघा."
मी ओढलं. मी तोंड मोठं करून विचारलं,
मग वाजणार ना तो?
त्यांनी ओठ वाचले.
"वाजू दे की.
वाजतोय तवर कळतंय तरी.
गप बसलेला टॅपेट आतल्या आत वाल्व जाळतोय,
पत्ता बी लागू देत न्हाई."

पहिल्या किकला सुरू.
टिक टिक टिक टिक,
कुणीतरी नखानं ताटली वाजवावी एवढंच.

ती फाटकात उभी होती.
डोकं जरा तिरकं करून ऐकलं.
"अजून वाजतंय."
"तेवढं वाजायला पाहिजे."
"कोण म्हणतं?"
मी नाव सांगितलं.
"किती घेतले?"
"सहाशे चाळीस."
"लुटलं तुम्हाला," ती म्हणाली,
मग प्लॉटच्या सहीवर आली,
मग माझ्या धाकट्या भावावर,
आणि भाकऱ्या होईपर्यंत
बोलतच राहिली.