चौथं रीळ

साकीनाक्याला, प्लायवुडच्या वखारीमागे,
आमच्या तळघरातल्या खोलीत
खून नेहमी जेवणानंतर होतात.
इनास तुस्कानो वसईहून डबा आणतो,
जेवतो, हात धुतो, कोरडे करतो,
आणि त्याच हातांनी माइकसमोर
मुळ्याची जुडी पिरगळून
कुणाची तरी मान मोडतो.
मी वेळ टिपते.
उरलेला मुळा आम्ही मीठ लावून खातो.

दिग्दर्शक पोरगा हुशार आहे.
त्याला चौथ्या रिळात चाळीस व्हायोलिनं हवीत.
बाई जिना चढते आहे, वर दार किलकिलं आहे,
आणि त्याला वाटतं, लोकांना सांगायला हवं
की आता घाबरा.
इनास म्हणतो, बाळा,
डांगोरा पिटत कधी चोर येतो काय?

तो व्हायोलिनं काढतो.
मग रस्त्यावरचा हॉर्न, मग कुत्रं,
शेजारच्या घरातली मालिका,
लिफ्टचं दार, कुकरची शिटी,
लांबचं विमानसुद्धा.
मुंबईतून एवढं सगळं उचलल्यावर
खाली जे उरतं
ते मी याआधी ऐकलेलं नव्हतं.
फक्त फ्रिजची घरघर ठेवतो तो, जेमतेम,
आणि बाई नवव्या पायरीवर आली
की तीही बंद करतो.

'इथं बघ,' म्हणतो, 'इथं अख्खं थेटर
श्वास धरून बसणार.
फुकटचं संगीत.'

खुन्याची चाल मात्र मी घरून आणली.

मुलुंडला आमच्या डोक्यावर टिपणीस राहतात.
कस्टम्समधून निवृत्त, एकटे.
काठीचं रबर झिजून गेलंय, बदलत नाहीत.
रोज रात्री अकराला पलंगापासून ओट्यापर्यंत
टक्, मग सपातेची फरफट, मग टक्.
चौदा टक्.
नवव्यानंतर जरा थांबतात.
का, ते मी कधी विचारलं नाही.

स्टुलावर उभी राहून, छताला माइक लावून
मी ते चोरलं.
इनासने थोडं संथ केलं,
थोडं खाली उतरवलं,
तळाशी रिकाम्या विहिरीचा घुमारा घातला,
आणि टिपणीस,
जे झुरळ मारायलाही वॉचमनला वर बोलावतात,
अंधेरीच्या एका छोट्या पडद्यावर
तीन माणसं मारून मोकळे झाले.

त्या खेळाला मी मागच्या रांगेत होते.
पहिल्या टक्‌ला माना आखडल्या.
चौथ्याला एका बाईने
शेजारच्या परक्या माणसाची बाही धरली
आणि त्याने ती धरू दिली.
मला तेवढी झोप येत होती.
माझ्यासाठी त्या आवाजाचा अर्थ इतकाच, की
गॅस बंद आहे, कडी लागली आहे,
इमारत आहे तिथं आहे.

आज अकरा वाजून सहा मिनिटं.
ताट अजून उचललेलं नाही,
बोटांवर आमटी वाळते आहे.
वर पलंग करकरला.
टक्. फरफट. टक्.
मी मोजत नव्हते,
म्हणजे मोजतच होते.
नऊ.

आता ते थांबतील.
थांबले.

आता दहावा.

खाली वॉचमनने रेडिओ बारीक केला.
कुणाचा तरी नळ मिटला.
कधी नव्हे ती सोसायटी गप्प,
जणू तळघरात बसून कुणीतरी
एकेक पट्टी खाली ओढतंय.
आता दहावा.
फ्रिज चालू आहे तोवर ठीक,
असं मी म्हटलं आणि
फ्रिज बंद पडला.

इनास, तू सांगितलं नाहीस
की थेटरात श्वास धरता येतो
कारण कुणीतरी तो परत सोडवणार असतं.

एका पायात चप्पल आहे,
दुसरी सापडत नाही.
दार उघडलं.
आमच्यापासून त्यांच्यापर्यंत अठरा पायऱ्या.
एक पाऊल वाजतं, एक वाजत नाही,
एक वाजतं.
हा आवाज तू ठेवला असतास
की काढला असतास?