आजपासून ही भूमिका

साडेसातला विट्यातले माग थांबत नाहीत.
खटखट भिंतीतून येते, मांडणीवरची भांडी हलतात,
त्यामुळे मी मालिका पाहिली ती
अर्धी कानांनी, अर्धी ओठ वाचून.

नवरा सेलमला. खाली गलाईचं दुकान, वर माळा,
माळ्यावर चार माणसं आणि एक टीव्ही.
तोही तेच बघायचा. जाहिरात लागली की फोन.
"तिच्या गळ्यातलं पितळ आहे गं," म्हणायचा,
"झळाळीवरनं कळतं."
एवढंच बोलणं.
मग जाहिराती संपायच्या.

सांगितलं तर हसतील,
पण चार गोष्टी शिकले त्या त्या पडद्यावरच्या सुनेकडून.
पहिल्या वर्षी चुकीचंच शिकले:
दाराआड उभं राहून ऐकायचं.
ऐकलं.
सासूबाई जावेला विचारत होत्या,
हरभऱ्याची डाळ किती शिट्ट्यांत शिजते.

मग ध्यानात आलं,
कुणी लागट बोललं की तिथं
तिचा चेहरा तीन वेळा दाखवतात.
डावीकडनं, उजवीकडनं, मग अगदी जवळून.
ढग गडगडतात, कुठंतरी ताट पडतं,
आणि ती तोवर गप्प.

मी तेवढंच उचललं.
"माहेरी हेच शिकवलं का?"
एक. दोन.
तिसऱ्याला दिसलं, त्या जिन्याचा कठडा धरून बोलतायत,
गुडघा आज जास्तच धरलाय.
तेल गरम करून आणलं.
दर वेळी तेलच निघायचं असं नाही.
कधी तिसऱ्यालाही शिवीच यायची,
पण मोजून आलेली.

चौथ्या वर्षी, एका सोमवारी,
ती जिना उतरून आली आणि ती ती नव्हती.
खाली पट्टी सरकली: आजपासून ही भूमिका...
पुढचं नाव वाचेस्तोवर गेली.
घरातलं कुणी दचकलं नाही.
सासऱ्यानं तिच्या हातून चहा घेतला,
नवऱ्यानं जुन्याच नावानं हाक मारली
आणि तिनं मान वळवली,
जशी काही बारशालाच ठेवलेलं नाव.

मला राग आला. आठवडाभर टीव्हीवर फडकं.
नंतर बघितलं तर
ही जरा ताठ चालते,
पदराच्या टोकाशी खेळत नाही,
आणि गोष्ट पुढं गेलीय.

असंही करता येतं?
कुणाला न विचारता,
मधल्याच एखाद्या सोमवारी?

श्रावणात फोन आला, जाहिरात नसतानाच.
"दोन्ही माग काढून टाकू. भाळवणीचा माणूस उद्या येईल,
तू फक्त सही कर."
माग माझ्या नावावर, पतसंस्थेच्या कर्जापायी केलेले.
माझं नाव तोवर फक्त त्या कागदावरच होतं.

एक.
दोन.
तिकडं माळ्यावर कुणीतरी खोकलं.
तीन.
"नाही," मी म्हटलं, "मी चालवणार."
"तुला कुठलं येतंय?"
"रझियाभाभी दुपारचं शिकवतात. कांडी भरते,
तुटलेला धागा सांधते. धोटा अजून अडकतो."
तो काही बोलला नाही.
मालिकेत तेव्हा कुणाचं तरी लग्न मोडत होतं,
दोन्हीकडून सनईचा आवाज येत होता,
इकडचा आधी, तिकडचा जरासा मागून.
जाहिरात लागली. संपली.
त्यानं फोन ठेवला नाही.

दिवाळीला आला. बॅग उंबऱ्यातच.
माझ्या केसांत सुताचा भुगा, हाताला ग्रीस,
मागाच्या आवाजावर चढवलेला माझा आवाज.
तो बघत राहिला, चेहऱ्याकडं कमी,
खाली पायांकडं जास्त,
तिथून एखादी पट्टी सरकत असावी
आणि वाचायची राहून जाईल, तसा.

मग आत आला.
नेहमीच्या नावानं हाक मारली.
मी लगेच मान वळवली नाही.
धागा हातात होता.